कागद केला, पण ठेवला कुठे?

मागच्या वर्षी माझे मामा गेले. जाण्याआधी नऊ दिवस व्हेंटिलेटरवर होते. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "त्यांनी काही लिहून ठेवलंय का?" मामींना काहीच ठाऊक नव्हतं. मला होतं. आदल्या दिवाळीत मामा म्हणाले होते, "मला नळ्या लावून ठेवू नका रे. तसा कागद केलाय मी." मी म्हटलं, "कशाला सणासुदीला असलं बोलता?" आणि विषय बदलला. कुठे ठेवलाय, ते विचारलंच नाही.

तेराव्यानंतर विम्याचे पेपर शोधताना तो त्याच फायलीत सापडला. दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का, सगळं व्यवस्थित.

तेव्हापासून या कागदाचा इतिहास वाचतोय. लोक त्याला 'लिव्हिंग विल' म्हणतात. आपण बोलायच्या अवस्थेत नसू, तेव्हा कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, हे आधीच लिहून ठेवायचं.

आपल्याकडे ही गोष्ट सुरू होते ती परळच्या केईएममध्ये. २७ नोव्हेंबर १९७३ ला तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला. त्या पुन्हा कधीच सावरल्या नाहीत. १८ मे २०१५ ला गेल्या, जवळजवळ ४२ वर्षांनी. मधल्या काळात पिंकी विराणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने ती याचिका फेटाळली. अरुणाताईंच्या वतीने बोलायचा हक्क त्यांना सांभाळणाऱ्या केईएमच्या लोकांचा, असं ठरलं. त्या परिचारिकांनी जे केलं त्याला तोड नाही. पण खुद्द अरुणाताईंना काय हवं होतं, हे कळायला काहीच मार्ग नव्हता.

'कॉमन कॉज' या संस्थेने २००५ मध्येच वेगळी याचिका केली होती. तिचा निकाल ९ मार्च २०१८ ला लागला. पाच न्यायमूर्तींनी हा कागद कायदेशीर ठरवला. आणि गंमत बघा, तो ठेवायचा कुठे, हेही त्याच निकालात होतं. एक प्रत प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, एक जिल्हा न्यायालयात, एक महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, शिवाय फॅमिली डॉक्टर असेल तर त्यांच्याकडे. कागदावर छानच! पण सहीसाठी न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जाणार किती जण?

अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांच्या संघटनेने अडचणी मांडल्या, आणि २४ जानेवारी २०२३ ला नियम सोपे झाले. आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालतो. आपल्या वतीने बोलायला एकापेक्षा जास्त माणसांची नावं देता येतात. डिजिटल आरोग्य नोंदीतही कागद जोडता येतो. पण एक प्रत स्थानिक संस्थेच्या अधिकाऱ्याकडे द्यायची, हे कायम राहिलं.

तो अधिकारी कोण? मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी स्वतःचा कागद केला आणि हाच प्रश्न धरून ठेवला. उच्च न्यायालयात जनहित याचिकाही केली. या पाठपुराव्यातून मुंबई महापालिकेने वॉर्डांतल्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे हे काम सोपवलं, राज्यात इतरत्रही नेमणुका झाल्या. गोव्यात मे २०२४ मध्ये न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचा कागद नोंदवला. त्या राज्यातला तो पहिला.

मामाही आमच्या गावच्या कार्यालयात जाऊन आले होते, हे नंतर कळलं. टेबलावरच्या माणसाला विषयच माहीत नव्हता. मामा कागद घेऊन परत आले आणि फायलीत ठेवला. पण दोष सगळा त्या टेबलाचा नाही. मला विचारता आलं असतं.

कागद मिळाला असता तर लगेच यंत्र बंद झालं असतं, असंही नाही. हॉस्पिटलची दोन वैद्यकीय मंडळं आधी तपासतात, घरच्यांना विचारतात. पण निदान मामांचं म्हणणं तिथे पोचलं असतं. शिवाय सरकारी कपाटात प्रत असली तरी रात्री दोन वाजता ते कपाट कोण उघडणार? तेव्हा कामाला येतो तो घरच्यांच्या हातातला कागद.

म्हणून मंडळी, एवढं करा. कागद केला असेल तर ज्यांची नावं त्यात आहेत त्यांना आजच प्रत द्या, मोबाईलवर फोटोही पाठवा. फॅमिली डॉक्टरांना एक द्या. नगरपालिकेत वा ग्रामपंचायतीत देऊन पोच घ्या. बँकेच्या लॉकरमध्ये एकुलती एक प्रत नको. मत बदललं तर लेखी रद्द करता येतं, पण मग जुन्या प्रती गोळा करा.

आणि घरातलं कोणी जेवताना हा विषय काढलं, तर माझ्यासारखा बदलू नका. फक्त विचारा, "कुठे ठेवलाय?"