बातमी येते, दप्तरात काय उरतं?



आजचा विषय नावावरून तांत्रिक वाटेल. फीड रीडरमध्ये आलेली बातमी आपोआप कोडच्या रिपॉझिटरीत कशी जाऊन बसते आणि ही सोय कशी घडत गेली, हे बघायचंय. मी बेंगळुरूत राहतो. इथल्या सॉफ्टवेअरवाल्यांना हे रोजचं आहे. आपण वापरतो त्या एखाद्या लायब्ररीची नवी आवृत्ती निघते, तिची खबर फीडमधून येते, एक छोटी स्क्रिप्ट ती उचलते आणि टीमच्या गिटहबवर काम म्हणून नोंदवते. मध्ये कुणाला हात लावावा लागत नाही. वेळ वाचतो, हे तर आहेच. पण इतिहासाच्या बाजूने बघितलं तर यातली मोठी गोष्ट दुसरीच आहे: आलेली बातमी तारखेसकट जपली जाते.

आपल्याला ही कल्पना परकी नाही. पेशवाईत दिल्लीहून हिंगण्यांसारखे वकील दरबारच्या बातम्या लिहून पाठवत. जासूद पत्रं घेऊन येत, फडावर ती वाचली जात, आणि मग कागद रुमालात बांधून दप्तरात ठेवला जाई. बातमी शिळी झाली म्हणून कागद फेकला नाही. म्हणून तर गो. स. सरदेसायांना १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड काढता आले. पत्र लिहिणाऱ्याला त्या दिवशी काय माहीत होतं, हे आपल्याला कळतं ते त्या रुमालांमुळे. पुढे घडलं ते माहीत असलेल्या माणसाने मागाहून लिहिलेली हकीकत वेगळी, आणि त्या दिवशीचा कागद वेगळा.

आता इंटरनेटकडे येऊ. मार्च १९९९ मध्ये नेटस्केप कंपनीत आरएसएस नावाचा एक साचा तयार झाला. नागपूरच्या संघटनेशी याचा काही संबंध नाही बरं का! त्यावर काम करणाऱ्यांत मद्रास आयआयटीत शिकलेले रामनाथन गुहा होते. पुढे डेव्ह वाइनर यांनी तो वाढवला आणि २००२ मध्ये त्याची २.० ही आवृत्ती आली. साचा अगदी साधा: मथळा, दुवा, तारीख, थोडा मजकूर. वाचकाने दहा संकेतस्थळांवर फिरण्याऐवजी दहाही ठिकाणच्या ताज्या नोंदी एका रीडरमध्ये याव्यात, एवढाच हेतू. पण साचा ठरलेला असल्यामुळे जे माणसाला वाचता येतं ते यंत्रालाही वाचता येऊ लागलं.

दुसऱ्या टोकाला होतं कोडचं दप्तर. एप्रिल २००५ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्सच्या कामासाठी गिट लिहायला घेतलं. गिटमध्ये प्रत्येक बदल नोंदला जातो: कोणी केला, कधी केला, कोणती ओळ गेली आणि कोणती आली. या नोंदीला कमिट म्हणतात. जुनं पुसून नवं लिहिलं तरी जुनं मागे शिल्लक राहतं. २००८ मध्ये गिटहब आलं आणि अशी दप्तरं जगाला दिसतील अशी ठेवता येऊ लागली.

ही दोन टोकं जोडायची कशी? २००७ मध्ये याहूने ‘पाइप्स’ काढलं. पडद्यावर चौकोन मांडायचे, त्यांना नळ्या जोडायच्या, एका बाजूने फीड आत, दुसऱ्या बाजूने गाळलेली फीड बाहेर. मग आयएफटीटीटी, झेपियर अशा सेवा आल्या: ‘अमुक झालं तर तमुक कर’. लोकांना हे फार आवडलं. पण १ जुलै २०१३ ला गूगलने आपला रीडर बंद केला. त्याच वर्षी ट्विटरने आरएसएस देणं थांबवलं. २०१५ मध्ये याहूचं पाइप्सही गेलं. ज्यांनी आपली सगळी जोडणी या मधल्या नळीवर उभी केली होती, त्यांचं काम एका घोषणेने थांबलं. साचा मात्र कोणा एकाच्या मालकीचा नव्हता, त्यामुळे तो टिकला.

२०१९ च्या अखेरीस गिटहबने ‘अ‍ॅक्शन्स’ ही सोय सर्वांसाठी खुली केली. आता दप्तरातच कारकून बसला म्हणा ना! ठरल्या वेळी तो उठतो, फीड बघतो, नवं असेल ते फाइलमध्ये लिहितो आणि कमिट करतो. त्याचं घड्याळ मूळचं जागतिक प्रमाणवेळेवर चालतं, म्हणून आपल्याकडच्या सकाळी सहासाठी रात्रीचे साडेबारा लिहावे लागतात. सायमन विलिसन यांनी २०२० मध्ये या पद्धतीला ‘गिट स्क्रेपिंग’ असं नाव दिलं.

आणि २०२० मध्येच या सगळ्याची भारतात कसोटी लागली. कोविडचे रोजचे आकडे राज्यं जाहीर करत होती, पण कशी? कुठे पीडीएफ, कुठे ट्विट, कुठे नुसतं चित्र. एकसारखी फीड नव्हतीच. कोविड१९इंडिया या गटाच्या स्वयंसेवकांनी ही पत्रकं वाचून आकडे तक्त्यात भरले, आणि तिथून ते स्क्रिप्टच्या मदतीने गिटहबवर खुले ठेवले. म्हणजे साखळीचा पहिला दुवा माणसांनी हाताने ओढला, पुढचे दुवे यंत्राने. त्या वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २९ राज्यांच्या कोविड माहितीचा दर्जा तपासला. त्यात कर्नाटक पहिलं आलं, एक पैकी ०.६१ गुणांनी. बिहार आणि उत्तर प्रदेश शून्यावर होते. पहिल्या आलेल्या राज्यालाही जेमतेम पहिला वर्ग!

आता दप्तराचं महत्त्व बघा. १६ जून २०२० ला महाराष्ट्राने आधी न मोजलेले १,३२८ मृत्यू एकदम एकूण आकड्यात घातले. त्यातले ८६२ एकट्या मुंबईतले. ९ जून २०२१ ला बिहारने ३,९५१ मृत्यू वाढवले आणि एकूण आकडा ९,४२९ झाला. आज फक्त शेवटचा आकडा बघणाऱ्याला हे कळणार नाही. आदल्या दिवशी सरकारने लोकांना काय सांगितलं होतं, हे कळायला आदल्या दिवशीचा कागद लागतो. हे आकडे कुणाचे तरी आईवडील होते. त्यांची नोंद केव्हा झाली, हे विचारायचा हक्क आपल्याला आहे, आणि तो हक्क तारखेच्या पुराव्यावर उभा राहतो.

तो गट ३१ ऑक्टोबर २०२१ ला थांबला. माहिती खुली होती, म्हणून ती इतरांना वापरता आली. आमच्या बेंगळुरूत २०११ पासून सुरू असलेली डेटामीट ही मंडळीही याच वृत्तीची: गावांचे, प्रभागांचे नकाशे गोळा करून ते गिटहबवर सगळ्यांसाठी ठेवणारी.

पण गिटहब हेही भाड्याचंच घर आहे. डिसेंबर २०१४ मध्ये केंद्र सरकारने ३२ संकेतस्थळं बंद करायला लावली, त्यात गिटहबही होतं. काही दिवसांत ते पुन्हा उघडलं. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतलं. उद्या काय होईल, कोणी सांगावं? दिलासा इतकाच की गिटची प्रत घेतली की सगळा इतिहास आपल्या संगणकावर येतो, नुसतं शेवटचं पान नाही.

म्हणून तुम्ही बेळगावात असा, इंदुरात असा की बडोद्यात, एक काम करून बघा. तुमच्या नगरपालिकेचं पाण्याचं वेळापत्रक किंवा बाजार समितीचे भाव, असं रोज बदलणारं एखादं सरकारी पान निवडा. त्याची फीड असेल तर उत्तम, नसेल तर पानच रोज उचलायला लावा. ते दप्तरात पडू द्या, आणि महिन्यातून एकदा प्रत आपल्याकडे उतरवून ठेवा. सार्वजनिक रिपॉझिटरीत ६० दिवस काही हालचाल झाली नाही तर गिटहबचा कारकून ठरल्या वेळेचं काम बंद करतो, तेव्हा अधूनमधून डोकावत जा. वर्षभराने मागे वळून बघाल तेव्हा पाणी कधी कमी झालं, हे आठवणीवर सोडावं लागणार नाही. तारीख समोर असेल.

पुढच्या भागात भेटू.