ऊर्मी आणि समज

माणूस स्वेच्छेने वागतो, या विश्वासावर दंडविधान उभे आहे. १८४३ साली लंडनमध्ये त्याची कसोटी लागली. डॅनियल मॅक्नॉटन याने पंतप्रधान पील यांचे खासगी सचिव ड्रमंड यांच्यावर गोळी झाडली, ड्रमंड दगावले. आरोपी भ्रमिष्ट म्हणून निर्दोष ठरला, त्याची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात झाली. लोकक्षोभ उसळला. तेव्हा न्यायाधीशांनी निकष सांगितला: आपण काय करतो, ते अयोग्य आहे, हे कळण्याची शक्ती आरोपीपाशी होती काय? १८६०च्या भारतीय दंडसंहितेचे कलम ८४ याच धाटणीचे होते; २०२३च्या भारतीय न्याय संहितेत ते कलम २२ म्हणून आले.

पुढे १९८३ साली बेंजामिन लिबेट यांच्या प्रयोगात दिसले की, हात हलविण्याच्या इच्छेची जाणीव होण्याच्या सुमारे एक तृतीयांश सेकंद आधीच मेंदूत हालचाल सुरू होते. मग अपराधी कोण? माणूस, की त्याचे मज्जातंतू? परंतु उठलेली ऊर्मी रोखण्याची मुभा जाणिवेला उरते, असे खुद्द लिबेट मानीत.

कायदा ऊर्मीचा उगम विचारीत नाही. समज होती काय, एवढेच विचारतो. समज हरपलेल्यास शिक्षा करणे अन्याय होय. समज असलेल्यास जबाबदार धरणे, हा मात्र त्याच्या माणूसपणाचा मान आहे, असे आम्हांस वाटते.