खणांचे दुकान

लातूरला गेलो की गंजगोलाईला एक फेरी होतेच. मधली दुमजली इमारत १९१७ सालची. तिच्यात जगदंबेचे मंदिर, आणि भोवतीच्या गोलाला १६ रस्ते येऊन मिळतात. कुठे सोने, कुठे चपला, कुठे मिरची नि गूळ. या आखणीशी नगररचनाकार फैयाजुद्दीन यांचे नाव जोडलेले आहे. वर्गात सांगितले तर मुलांना खरे वाटत नाही. पुस्तकात नाही ना!

गोलाईचा आकार टिकला. दुकाने मात्र बदलली. आता शटरांची रांग दिसते. मराठवाड्याच्या जुन्या पेठांत दुकान खणांत मोजत. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. सागाचा खांब दगडी उथळ्यावर उभा करीत, म्हणजे जमिनीची ओल चढत नसे. खांबांवर तुळई, तुळईवर आडवी लाकडे, त्यावर फळ्या नि वर मातीचा जाड थर. हे माळवद. भर उन्हाळ्यात आत गारवा असे. पुढे ओटा, आणि दाराऐवजी खाचेत सरकवायच्या सुट्या फळ्या. क्रम चुकला की शेवटची बसत नसे, म्हणून त्यांवर आकडे घातलेले. नांदेडला इतवाऱ्यात माझ्या नानांच्या दुकानाचे आकडे उर्दूत होते. मी मोजायला तिथेच शिकलो.

मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे दगावली. जीव घेतला तो मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि माथ्यावरच्या मातीच्या ओझ्याने. जेथे माळवदाचा भार लाकडी खांबांवर होता, तेथे काही घरांत भिंती बाहेर ढासळल्या तरी छत उभे राहिले. खांब-तुळईचे सांधे कच्चे होते, तिरपे आधार नव्हते, हे कबूल. ते पक्के करता आले असते. पण घाबरलेल्या लोकांनी दगड, माती नि लाकूड, तिघांना एकाच माळेत ओवले.

आमच्या मामांनीही तेच केले. दोन वर्षांत दुकान पाडून सिमेंटचा गाळा बांधला. तुळया उतरवल्या तेव्हा एकही किडलेली नव्हती. सगळे लाकूड वखारीत गेले. एक फळी अम्मीने मागून घेतली. तिच्यावर आता मी मुलांच्या वह्या ठेवतो. सातचा आकडा अजून वाचता येतो.