देवाचा दरबार

रेव्हरंड टिळक म्हटलं की आपल्याला आठवतात त्यांच्या फुलामुलांच्या कविता, नाहीतर लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे'. टिळकांच्या शेवटच्या दोन वर्षांबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

१८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे वीसेक वर्षं त्यांनी नगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केलं. मग १९१७ मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, मिशनचा पगार सोडून ते साताऱ्याला बसले आणि त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. येशूला गुरू मानणाऱ्या कुणालाही तिथे यायला मोकळीक होती; बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो.

हे साधं नव्हतं. बाप्तिस्मा म्हणजे घरदार, जात तुटणं. ती किंमत टिळकांनी स्वतः मोजली होती. तरीही दुसऱ्याकडून त्यांनी ती दाराशीच मागितली नाही.

१९१९ मध्ये ते गेले. दरबाराला त्यांची जेमतेम दोन वर्षं मिळाली. त्यांची भजनं मात्र मराठी चर्चमध्ये आजही म्हटली जातात. मला वाटतं, कुठल्याही मंडळीची खरी श्रद्धा ती आपलं दार कुठे ठेवते त्यावरून कळते.