दुसरे इंजिन : एका आश्वासनाचा इतिहास

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत छोटे विमान बाळगणाऱ्या माणसाच्या मनात एक भीती कायम असे. रात्रीच्या अंधारात, डोंगरावर किंवा समुद्रावर असताना विमानाचे एकुलते एक इंजिन बंद पडले तर? या भीतीवर कारखानदारांनी शोधलेले उत्तर वरवर पाहता अगदी सरळ होते. इंजिने दोन बसवावीत, म्हणजे एक गेले तरी दुसरे घरी आणील.

या उत्तराला गिऱ्हाईक मिळाले ते १९५४ साली. पायपर कंपनीने १९४८ मध्ये स्टिन्सन ही विमान कंपनी विकत घेतली होती, आणि तिच्याबरोबर दुइंजिनी विमानाचा एक आराखडाही हाती आला होता. त्याच्या पहिल्या नमुन्याला १२५ अश्वशक्तीची दोन इंजिने आणि जुळे शेपूट होते. ते जमले नाही. मग शेपूट एकच ठेवून १५० अश्वशक्तीची लायकमिंग इंजिने बसवली गेली आणि ‘अपाची’ जन्माला आले. त्याच वर्षी पंखांच्या टोकांना इंधनाच्या टाक्या असलेले देखणे सेसना ३१० ग्राहकांच्या हाती पडू लागले. १९६१ मध्ये बीचक्राफ्टचे बॅरन त्यांच्या रांगेत येऊन बसले. दूरचित्रवाणीवरील ‘स्काय किंग’ या मालिकेचा नायक आधी युद्धकाळातले सेसना टी-५० उडवत असे, पुढे तो ३१० उडवू लागला. त्या विमानाचे नाव ‘साँगबर्ड’. एका पिढीच्या मनात दुइंजिनी विमानाची हौस रुजवण्यात या मालिकेचा वाटा कोणत्याही जाहिरातीपेक्षा कमी नसावा.

आता हिशेब पाहू. दोनपैकी एक इंजिन बंद पडले की शक्ती निम्मी होते, हे खरे. पण विमान उंची गाठते ते शिलकी शक्तीवर. नुसते समपातळीवर तरंगत राहण्यासाठीच एका इंजिनाची बहुतेक शक्ती खर्ची पडते. म्हणून शक्ती निम्म्याने घटली, तरी चढण्याची क्षमता सुमारे ऐंशी टक्क्यांनी, कधी त्याहूनही अधिक घटते. उष्ण दिवस, उंचावरची धावपट्टी आणि भरलेले विमान एकत्र आले, तर उरलेले इंजिन विमानाला वर नेत नाही, त्याचे खाली येणे फक्त लांबवते. अमेरिकी नियमांनाही हे ठाऊक होते. ६,००० पौंडांहून हलक्या आणि कमी वेगात उतरू शकणाऱ्या विमानांनी एका इंजिनावर चढून दाखवलेच पाहिजे, अशी अट त्या नियमांत नव्हती.

याहून मोठा धोका तोलाचा होता. दोन्ही इंजिने पंखांवर असल्यामुळे एक थांबले की दुसरे विमानाला एका अंगाला ढकलत नेते, आणि बंद इंजिनाचा वाऱ्यावर फिरणारा पंखा त्याच अंगाला ओढ लावतो. हे वळण रोखायचे ते शेपटीच्या सुकाणूने, म्हणजे रडरने. रडरला बळ मिळते वेगातून. एका ठरावीक वेगाखाली ते अपुरे पडते आणि विमान क्षणात कुशीवर वळून पालथे होते. वेगदर्शकावरची लाल रेघ म्हणजे हीच सीमा. एका इंजिनावर उत्तम चढण देणारा वेग निळ्या रेघेने दाखवतात. उड्डाणानंतर या दोन रेघांच्या मधले काही क्षण वैमानिकाच्या कसोटीचे असत.

अमेरिकी विमानांचे पंखे मागून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत. नाक वर उचललेले असताना खाली येणारे उजवे पाते अधिक ओढते. उजव्या इंजिनाचे ते पाते विमानाच्या मध्यरेषेपासून अधिक दूर असते, त्यामुळे डावे इंजिन बंद पडणे अधिक घातक. आणि अपाचीमध्ये चाके व फ्लॅप हलवणाऱ्या द्रवदाबाचा पंप कुठे बसवला होता? नेमका डाव्या इंजिनावर! म्हणजे घातक इंजिन गेले की चाके मिटण्यासाठी वैमानिकाने हातपंप मारायचा, तोही एका हाताने विमान सावरत आणि पायाने रडर पूर्ण दाबून धरत. कोणते इंजिन गेले हे ओळखण्याचा नियम सोपा होता : ज्या पायाला काम उरले नाही, त्या बाजूचे. तरीही घाईगडबडीत चालू इंजिनच बंद करून बसलेले वैमानिक होतेच.

आणखी खेदाची गोष्ट अशी की कित्येक जीव या प्रसंगाचा सराव करतानाच गेले. १९६३ मध्ये आलेल्या ट्विन कोमांचीचे नाव अशा अपघातांमुळे बरेच खराब झाले. पुढे १९७० मध्ये त्याचे पंखे परस्परविरुद्ध दिशांनी फिरणारे रूप आले. सेसनाने तर एक इंजिन नाकावर आणि एक पाठीमागे बसवून कुशीवर वळण्याचा प्रश्नच मिटवला. पण मागचे इंजिन बंद असल्याचे लक्षात न येता उड्डाण करू पाहणारेही निघाले!

१९६४ चा एक योगायोग येथे सांगण्याजोगा आहे. १७ मार्च रोजी जोन मेरियम स्मिथ अपाची घेऊन ओकलंडहून निघाली. १९३७ मध्ये अमेलिया इअरहार्ट दुइंजिनी इलेक्ट्रा विमानासह जिथे नाहीशी झाली, तो मार्ग तिला पूर्ण करायचा होता. दोन दिवसांनी जेरी मॉक एकाच इंजिनाच्या सेसना १८० मधून निघाली. स्मिथ इंधनटाकीच्या गळतीने सुरिनाममध्ये अडकली, आणि १७ एप्रिलला पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करणारी पहिली एकटी स्त्री ठरली मॉक. स्मिथ १२ मे रोजी पोहोचली. इअरहार्टचा मार्ग मात्र तिने पूर्ण केला.

पुढची कहाणी भराभर उतरणीला लागते. इंधन महागले, नुकसानभरपाईचे खटले वाढले. १९७८ मध्ये अमेरिकेत १७,८११ छोटी विमाने विकली गेली होती. १९९४ मध्ये अवघी ९२८. नवी विमाने मिळेनात, म्हणून जुनीच टिकली. आज जुने अपाची विकत घेणे फारसे अवघड नाही, अवघड आहे ते पोसणे. लायकमिंगची अशी इंजिने सुमारे २,००० तासांनी पूर्ण खोलावी लागतात, आणि ती दोन आहेत. दोन्हींच्या दुरुस्तीचे बिल विमानाच्या किमतीहून मोठे होणे मुळीच नवलाचे नाही. तपासणीत पंखाच्या कण्याला गंज सापडला, तर हिशेब तिथेच संपतो.

तरीही ती उडतात. बहुइंजिनी विमानांच्या अनुभवाचे तास जमवू पाहणारे तरुण वैमानिक ती घेतात, काही मालक निव्वळ प्रेमापोटी सांभाळतात. धावपट्टीच्या टोकाशी थांबून त्यांतला शहाणा वैमानिक आजही मोठ्याने म्हणतो : चाके जमिनीवर असताना इंजिन गेले, तर दोन्ही थ्रॉटल बंद आणि विमान जागीच थांबवायचे, हवेत, पण निळ्या रेघेखाली गेले, तर दोन्ही थ्रॉटल बंद आणि समोर दिसेल तिथे उतरायचे. चालू असलेले इंजिनही बंद करायचे. मग ब्रेक सोडतो.