तलाव आणि त्याची राखण

तलाव खोदणें हें आमच्या पूर्वजांनीं पुण्यकर्म मानिलें. बाराव्या शतकांत सिद्धरामेश्वरांनीं सोलापुरांत तलाव करविला, तो भक्तांच्या अंगमेहनतीनें. श्रम हीच पूजा, अशी शरणांची धारणा होती. पुढें इ. स. १८७१ सालीं, इंग्रजी अमलांत, शहराच्या उत्तरेस एकरुख तलाव पुरा झाला. तलाव बांधल्याची नोंद इतिहासांत सांपडते. गाळ उपसणाऱ्यांची सहसा आढळत नाहीं.

सात रस्त्यावरून विजापूरच्या वाटेनें निघालें म्हणजे कंबर तलाव लागतो. तेथें लोक सायंकाळीं हवा खाण्यास येतात, हिवाळ्यांत दूरदेशींचे पक्षी उतरतात. परंतु अशा पाण्यांत सांडपाणी मिसळलें, कीं मूळची दक्षिण अमेरिकेंतील जलपर्णी फोफावते. प्रकाश अडतो, पाण्यांतील प्राणवायु घटतो आणि मासे गुदमरतात. ती उपटून काढली तरी सांडपाणी वाहतें तोंवर पुन्हां पसरते.

म्हणून आम्हांस वाटतें कीं, कांठावर बाकें व दिवे मांडण्यापूर्वीं नाल्याचें तोंड वळवावें. पूर्वजांकडून आम्हांस तलाव मिळाले. त्यांची राखणही त्याच वारशांत आली आहे.