दाबमापक व गळतीरोधके, औद्योगिक

यंत्रात अथवा पात्रात द्रायू (द्रव अथवा वायू) दाबाखाली कोंडून ठेवण्यासाठी सांध्यांच्या ठिकाणी जी योजना करतात तिला गळतीरोधक (सील) म्हणतात आणि कोंडलेल्या द्रायूचा दाब दर्शविणाऱ्या उपकरणाला दाबमापक म्हणतात. या दोन साधनांचे इतिहास सहसा वेगवेगळे सांगितले जातात. परंतु दोहोंची वाढ एकमेकांच्या गरजेतून झालेली आहे. गळती थांबली की दाब वाढविता येतो. दाब वाढला की तो डोळ्यांना दिसणे अगत्याचे होते. आणि दिसतो तो दाब खरा आहे की नाही, हा प्रश्न त्यातूनच उभा राहतो.

टॉमस न्यूकोमेन (१६६४–१७२९) यांच्या १७१२ मधील वाफ एंजिनात दट्ट्या व सिलिंडर यांमधील फट चामड्याच्या चकतीने व तिच्यावर सोडलेल्या पाण्याच्या थराने बुजविली जाई. वाफेचा दाब वातावरणाच्या दाबापेक्षा जेमतेम अधिक असल्याने एवढ्यावर भागत असे. जेम्स वॉट (१७३६–१८१९) यांनी १७६९ मध्ये ज्याचे एकस्व (पेटंट) घेतले, त्या एंजिनात सिलिंडर सतत तप्त ठेवणे हेच मुख्य तत्त्व होते. त्यामुळे दट्ट्यावर पाणी ठेवण्याची सोय उरली नाही. चरबीत भिजविलेले सणाचे धागे कोंबून पाहिले, तरी सिलिंडरच वेडावाकडा असल्याने वाफ निसटत राही. जॉन विल्किन्सन यांनी तोफांसाठी तयार केलेल्या छिद्रण यंत्राने (१७७४) ही अडचण दूर झाली. ५० इंच (सु. १२७ सेंमी.) व्यासाच्या सिलिंडरात जुन्या शिलिंगाच्या जाडीइतकीही चूक नाही, असे वॉट यांचे भागीदार मॅथ्यू बोल्टन यांनी समाधानाने नमूद केले आहे. वॉट यांच्या कीर्तीत विल्किन्सन यांचा हा वाटा क्वचितच सांगितला जातो.

गळतीरोधनाचे खरे तत्त्व हाती आले ते द्रवीय दाबयंत्रात. जोसेफ ब्रामा (१७४८–१८१४) यांनी १७९५ मध्ये या यंत्राचे एकस्व घेतले. दट्ट्याभोवतीचे भरण सैल ठेवले तर पाणी गळे आणि घट्ट आवळले तर दट्ट्या परत फिरताना अडके. चामड्याचे पन्हळीच्या आकाराचे कडे बसवून हा पेच सोडविण्यात आला व त्याचे श्रेय ब्रामा यांचे साहाय्यक हेन्री मॉड्स्ली यांना दिले जाते. पन्हळीत शिरलेले पाणीच तिचे ओठ दोन्ही बाजूंना दाबते. म्हणजे दाब जितका अधिक तितकी पकड घट्ट. दाब उतरला की कडे सैल. ज्या दाबाशी झगडावयाचे त्यालाच कामाला लावण्याची ही युक्ती आजच्या बहुतेक गळतीरोधकांत कोणत्या ना कोणत्या रूपाने आढळते.

दाब मोजण्यासाठी या काळात पाऱ्याची नळी वापरीत. एका वातावरणाच्या दाबाला पाऱ्याचा ७६ सेंमी. स्तंभ लागतो, तेव्हा १० वातावरणांना साडेसात मीटरांहून उंच नळी हवी. धक्के खात धावणाऱ्या रेल्वे एंजिनावर तिचा उपयोग नव्हता. पॅरिस येथील यंत्रनिर्माते यूझेन बूर्दाँ (१८०८–८४) यांना यावरील उपाय जवळजवळ अपघातानेच सापडला. वळवून तयार केलेली एक नळी चेपली गेली होती. तिला मूळ आकार देण्यासाठी आत दाबाने पाणी भरले असता ती फुगता फुगता उलगडू लागली. चपट्या नळीचा छेद दाबाने वर्तुळाकार होऊ पाहतो व त्याबरोबर नळीचा बाक सरळ होतो. तिच्या मिटलेल्या टोकाची ही अल्पशी हालचाल तरफ व दंतचक्रे यांनी वाढवून काटा फिरविता येतो. बूर्दाँ यांनी १८४९ मध्ये याचे एकस्व घेतले. निर्द्रव वायुभारमापकाचे जनक ल्यूस्यँ व्हिदी यांनी आपल्या कल्पनेचे अपहरण झाले म्हणून त्यांच्यावर दावा लावला व तो दीर्घकाळ चालला. त्याच सुमारास जर्मनीत बेर्नहार्ट शेफर यांनी पातळ पटलाचा दाबमापक तयार केला. नळी व पटल ही दोन्ही रूपे आजही प्रचारात असून कारखान्यांतील कारागीर पहिल्याला ‘बोर्डन गेज’ म्हणतात.

बाष्पित्रांच्या स्फोटांमुळे दाबमापक ही कायद्याचीही बाब झाली. कलकत्ता येथे १८६३ मध्ये मोठा स्फोट झाल्यावर बंगालमध्ये १८६४ साली बाष्पित्र तपासणीचा कायदा झाला. पुढे १९२३ मध्ये भारतीय बाष्पित्र अधिनियम संमत झाला.

रासायनिक उद्योगांत प्रश्न अधिक बिकट होता, कारण तेथील द्रायू दाहक, विषारी वा गोठणारे असतात. पंपाच्या दंडाभोवतीचे दोरीचे भरण थोडे थेंब गाळत राहिले तरच थंड राहते. विषारी द्रवाला हे चालत नाही. म्हणून एक फिरती व एक स्थिर अशा दोन अत्यंत सपाट चकत्या स्प्रिंगने एकमेकींवर टेकविलेले यांत्रिक सील प्रचारात आले. स्थिर सांध्यांसाठी नील्स क्रिस्टेन्सन यांच्या रबरी ओ-रिंगने (अमेरिकन एकस्व १९३९) मोठी सोय झाली. परंतु रबराची लवचिकता तपमानावर अवलंबून असते. २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ यानाच्या अग्निबाणातील अशीच कडी थंडीने ताठरली आणि सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले.

दाबमापकालाही अशा द्रायूपासून वाचवावे लागते. त्यासाठी मध्ये पातळ धातूचे पटल बसवून त्यामागे तेल भरतात व पटलावरील दाब तेलामार्फत मापकापर्यंत पोहोचतो. म्हणजे येथे मापकच एका गळतीरोधकाच्या भरवशावर असतो. हे तेल गळाले तर काटा खरा दाब दाखवीत नाही. विद्युतीय संवेदकांचा पाया एडवर्ड सिमन्स व आर्थर रूज यांनी १९३८ मध्ये स्वतंत्रपणे शोधलेल्या विकृतिमापकाने घातला आणि चार्ल्स स्मिथ यांनी १९५४ मध्ये सिलिकॉनाचा रोध ताणाने मोठ्या प्रमाणात बदलतो असे दाखविल्यावर ते लहान झाले. त्यांचा संदेश ४ ते २० मिलिअँपिअर विद्युत प्रवाहाने पाठवितात. शून्य दाबाला ४ मिलिअँपिअर नेमलेले असल्याने तार तुटली तर प्रवाह शून्य होतो व ‘दाब नाही’ आणि ‘मापक बंद पडला’ यांत गल्लत होत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते संवेदकाच्या सूक्ष्मतेपेक्षा ही साधी योजना अधिक मोलाची आहे.

मात्र चालकाचा विश्वास उडाला असेल, तर चालू मापकही निरुपयोगी ठरतो. भोपाळ येथील यूनियन कार्बाइडच्या कारखान्यात मिथिल आयसोसायनेटाच्या ई-६१० या टाकीत १९८४ च्या ऑक्टोबरअखेरीपासून नायट्रोजनाचा दाब टिकत नव्हता, म्हणजे कोठेतरी गळती होती. २ डिसेंबरच्या रात्री पाणी शिरून आत विक्रिया सुरू झाली. साडेदहाच्या सुमारास दर चौ. इंचास २ पाउंड असलेला दाब अकरा वाजता १० झाला. हा आकडा नेहमीच्या मर्यादेत होता, आणि तेथील उपकरणे बेभरवशाची असल्याचा कामगारांचा जुना अनुभव होता. मध्यरात्रीनंतर दाब ३० वर गेला व थोड्याच वेळात काट्याने ५५ ही मापपट्टीची सीमा गाठली. सुरक्षा झडप उघडून बाहेर पडलेल्या वायूने हजारो माणसे मेली.

अशा विषारी द्रायूंसाठी आता पुष्कळ ठिकाणी एकामागे एक अशी दोन यांत्रिक सीले बसवितात. त्यांच्यामधील पोकळीत निरुपद्रवी द्रव पंपातील दाबापेक्षा अधिक दाबाने भरतात, म्हणजे सील झिजले तरी विषारी द्रव बाहेर न येता हा द्रवच आत जातो. पोकळीला जोडलेल्या संवेदकात दाब उतरलेला दिसला की पंप थांबवून सील बदलतात.